संपाच्या वर्षीचे दोन मामा

आई, गेल्या आठवड्यात मुंबईहून एक मुलगी माझ्याकडे पेणला आली होती. कामगार चळवळीचा इतिहास शिकते. गिरणी संपाबद्दल विचारत गावोगाव हिंडतेय. कुणीतरी तिला सांगितलं की अमक्या आळीत एक बाई राहते, तिच्या आईची गिरणगावात खानावळ होती, तिला भेट. पोरगी आली, पाणी प्यायली, फोन टेबलावर ठेवला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुमचं घर संपाच्या बाजूचं होतं की विरोधातलं?" मी म्हटलं, "आमची खानावळ होती." तिला वाटलं मी उत्तर टाळतेय. तू असतीस तर हसली असतीस. मी तिला चहा दिला, पोहे दिले आणि दुपारभर बोलत बसले. ती गेल्यावरही बोलणं थांबेना, म्हणून आता तुला लिहितेय.

तुझी ती खोली मला आजही डोळे मिटले की दिसते. पुढची खोली जेवायची, मागची रांधायची, आणि मागच्याच खोलीत आपण दोघी झोपायचो. बाबा गेले तेव्हा मी अजून शाळेत जात नव्हते. त्यांच्या गिरणीतल्या गाववाल्यांनीच तुला म्हटलं, बाय, तू रांध, आम्ही जेवतो. पेण, रोहा, कोलाडकडची सगळी माणसं. तुला 'बाय' म्हणायची, म्हणजे थोरली बहीण, म्हणून ते सगळे माझे मामा झाले. तुला सख्खा भाऊ नव्हता आणि मला मामांचा तोटा नव्हता. त्यांतले दोन मला जास्त जवळचे. पेणजवळच्या जिते गावचे ते जित्याचे मामा, साचेखात्यातले, उंच, दांडगे. सगळं आयुष्य मागांच्या खडखडाटात काढलेलं, त्यामुळे साधं 'मीठ दे' सुद्धा मैदानात भाषण केल्यासारखं म्हणायचे. आणि रोह्याचे मामा सूतखात्यातले, बारीक, कमी बोलणारे. जेवून उठले की स्वतःचं ताट तर धुवायचेच, शेजारच्याचंही धुऊन टाकायचे. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांच्या शेजारी बसून जेवले. जित्याच्या मामांना भाकरीची कड आवडायची नाही, ती ते न विचारता रोह्याच्या मामांच्या ताटात टाकायचे.

संप लागला तेव्हा पहिले काही आठवडे तर सणासारखे गेले. भोंगे बंद. त्याआधी मी कधी त्या वस्तीत पाखरांचा आवाज ऐकला नव्हता. मामालोक सकाळी मोर्च्याला जायचे, दुपारी परत यायचे आणि मग काय करायचं ते कुणाला कळायचं नाही. जन्मभर तीन पाळ्यांत फिरलेली माणसं, भर दुपारी भिंतीला टेकून बसलेली. तूच एक दिवस तांदळाची परात त्यांच्यासमोर सरकवलीस आणि म्हणालीस, "संप गिरणीत हाय. माझ्याकडं नाय." त्या दिवसापासून सगळी खानावळ कामाला लागली. कुणी लसूण सोलतोय, कुणी वाल सोलतोय. जित्याच्या मामांना तू भाकरी थापायला बसवलंस. पहिली भाकरी तव्यावर पडली ती नकाशासारखी. तू ती उचलून सगळ्यांना दाखवलीस आणि विचारलंस, "यात आपला पेण तालुका कुठं आला?" मामा इतके हसले की पिठाचा ढग उडाला. महिनाभरात त्यांची भाकरी तुझ्यापेक्षा गोल झाली. हे तू कधी कबूल केलं नाहीस.

मग पावसाळा जवळ आला आणि हसणं कमी झालं. शेत असलेले पेरणीला गावी गेले. जित्याच्या मामांची खाडीकाठाला भाताची जमीन होती. ते गेले, लावणी करून परत आले आणि पुन्हा मोर्च्यात उभे राहिले. रोह्याच्या मामांना जमीन नव्हती. कुंडलिका नदीच्या काठावरची त्यांची वाडी, तिथली माणसं दुसऱ्यांच्या शेतात राबायची. घरी तीन लहान मुलं होती. दरम्यान मालकांनी काही गिरण्या थोड्या थोड्या चालू केल्या. पोलिसांच्या पहाऱ्यात गाडी यायची आणि कामावर जाणाऱ्यांना आत घेऊन जायची. एके सकाळी रोह्याचे मामा त्या गाडीत चढले. आदल्या संध्याकाळी ते जेवून ताट धुऊन गेले होते, कुणाला काही बोलले नव्हते. आणि त्याच दिवशी पाळी सुटून ते परत येत असताना गल्लीच्या तोंडाशी त्यांना गाठलं.

मी तो आवाज ऐकला. तू चुलीवरचं तसंच टाकून धावलीस, मी तुझ्यामागे. चारपाच जण होते, आणि त्यांत जित्याचे मामा. रोह्याचे मामा भिंतीशी दुमडून पडलेले, उजवा हात भलत्याच दिशेला वळलेला. तू मध्ये जाऊन उभी राहिलीस. ओरडली नाहीस. आपला पदर फाडून तो हात बांधलास आणि त्यांना टॅक्सीत घालून इस्पितळात नेलंस. टॅक्सीत तू त्यांना म्हणालीस, "तू चुकलास. सगळे उपाशी ऱ्हात असताना आत गेलास. पण हात मोडायची सजा त्याला नाय."

रात्री जित्याचे मामा जेवायला आले. नेहमीच्या जागी बसले. तू त्यांच्यासमोर ताट ठेवलंस, पण पालथं. ते म्हणाले, "बाय, त्यानं संप फोडला. एक फुटला की शंभर फुटतात. तुला गिरणीतलं काय कळतंय?"

"मला पंगतीतलं कळतंय," तू म्हणालीस. "तुझ्या घरी भात हाय, तू वरीसभर संप करशील. त्याच्या घरी काय हाय? नदी? पोरांना नदी वाढायची?"

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी तू त्यांचं ताट सरळ मांडलंस, पण ते आले नाहीत. त्यानंतर आलेच नाहीत. हळूहळू सगळेच पांगले. दिवाळीच्या सुमाराला तू खोलीला कुलूप लावलंस आणि आपण तुझ्या माहेरी, जित्याजवळच्या गावी आलो. एवढं सगळं झाल्यावर दुसरी कुणी असती तर डोक्याला हात लावून बसली असती. तू माझं लग्न काढलंस.

मुलगा पेणचा. पाहायला जायचं तर सोबत पुरुषमाणूस हवा. तू सरळ जित्याच्या मामांच्या शेतात जाऊन उभी राहिलीस. पालथ्या ताटाबद्दल तूही बोलली नाहीस, तेही बोलले नाहीत. विळा टाकून, पाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून ते निघाले. पेणला मुलाच्या घरी ओसरीवर बसल्यावर त्यांनी आपल्या मोर्च्याच्या आवाजात विचारलं, "काय काम करता?"

मुलगा म्हणाला, "साच्यावर असतो."

मामांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. गिरणीत मागाला साचाच म्हणतात ना. "म्हणजे आपलेच की," ते म्हणाले. "कुठली गिरणी? संपात हाय ना?"

मुलगा बिचारा गोंधळला. म्हणाला, "नाही, गणपतीचा साचा. आमच्याकडं गणपती करतात." घरातल्या बायका आत तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मामांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "चालंल. त्या मालकाकडं संप नसतो." मी तिथेच मनात होकार दिला. मुलाला नीट पाहिलंही नव्हतं.

सासऱ्यांची मात्र एक अट होती. त्यांनी संपातल्या मारामाऱ्यांबद्दल बरंच ऐकलं होतं. ते म्हणाले, मुलगी पसंत आहे, माणसं पसंत आहेत, पण मांडवात भांडण झालं तर आम्ही वऱ्हाड घेऊन परत जाऊ. जित्याच्या मामांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. तू तेव्हा एक अक्षर बोलली नाहीस. आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन एसटीनं रोह्याला गेलीस.

वाडीत रोह्याच्या मामांचं घर शोधायला वेळ लागला नाही. ते अंगणात बसून डाव्या हातानं कुडाची भिंत सारवत होते. उजवा मनगटात वाकडाच जुळला होता. तुला पाहिल्यावर उभे राहिले. तू म्हणालीस, "हिचं लगीन हाय. तू मामा. नवरीला मांडवात तू आणायचं."

"मी कसा येऊ, बाय? तिथं सगळे असणार."

"असणारच. लगीन हाय, कोर्ट नाय."

परतताना एसटीत मी तुला विचारलं, जित्याच्या मामांनाही तू हेच सांगितलंयस ना? तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "व्हय." मी विचारलं, मग आता? तू म्हणालीस, "बघू गो." तुझं सगळं नियोजन त्या दोन शब्दांत असायचं.

लग्नाचा दिवस मी त्या मुलीला सांगताना पुन्हा जगले बघ. भात कापून झालेलं शेत चोपून सपाट केलेलं, त्यावर मांडव. आचारी लावायची ऐपत नव्हती, आणि तशी गरजही नव्हती. सगळी खानावळ आली होती. ज्याच्या गावात जे पिकतं ते घेऊन आले, कुणी तांदूळ, कुणी वाल, कुणी नारळ. दूर तीन मोठ्या चुली पेटलेल्या आणि तिथे हातात झारा घेऊन जित्याचे मामा सगळ्यांवर ओरडत होते. साचेवाले भात उपसतायत, सूतखात्यातले नारळ खवतायत. संपाला वर्ष होत आलं होतं, गिरणीचा रस्ता बंद झाला होता, आणि त्या शेतात मात्र अख्खं खातं चालू होतं. दारात धवलारीण बसून लग्नाची गाणी गात होती आणि मधूनमधून गाणं थांबवून चुलीकडे सूचना पाठवत होती.

तेवढ्यात रस्त्यावरून रोह्याचे मामा आले. डाव्या खांद्यावर केळीचे दोन खांब. ते खांब एसटीत घेण्यावरून कंडक्टरशी त्यांचं भांडण झालं होतं, आणि शेवटी कंडक्टरनंच ते खांब आडवे धरून आणले होते म्हणे. हसत हसत हे सांगत ते मांडवापर्यंत आले आणि चुलीपाशी सगळं थांबलं. झारे खाली आले. कुणीतरी म्हणालं, "हा इथं कशाला?"

तू हळदीच्या हातांनी बाहेर आलीस. "मी बोलावलाय."

जित्याच्या मामांचा आवाज त्या दिवशी प्रथमच हळू निघाला. "मग आम्ही जातो, बाय."

"जा. हिला मांडवात कोण आणणार तेवढं सांगून जा."

कुणी हलेना. पेणच्या बाजूनं वाजंत्री ऐकू यायला लागली होती. मला सासऱ्यांची अट आठवत होती. तेव्हा तू माझ्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "लगीन तुझं हाय गो. तू सांग."

मला आयुष्यात इतक्या माणसांनी एकदम कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, "मला दोघंही मामा पाहिजेत."

"दोन मामा असतात काय कुठं?" जित्याचे मामा म्हणाले.

"मला आहेत."

"मी त्याच्या बाजूला उभा ऱ्हाणार नाय."

"मग माझ्या बाजूला राहा," मी म्हणाले. "ते माझ्या दुसऱ्या बाजूला राहतील. मध्ये मी आहे."

ते मागे वळून म्हणाले, "भात लागतोय खाली, बघताय काय," आणि चुलीकडे गेले. ते थांबलेत की निघाले, ते कुणालाच कळलं नाही. वऱ्हाड आलं, पाय धुतले, सासरे चारी बाजूंना नजर टाकून बसले. भटजींनी नवरीला आणा म्हणून हाक दिली. रोह्याचे मामा माझ्या डावीकडे आले. आम्ही उंबऱ्यात उभे. उजवी बाजू रिकामी. भटजींनी दुसऱ्यांदा हाक दिली. आणि मग धुराचा वास आला, ओले हात सदऱ्याला पुसत जित्याचे मामा आले, माझा उजवा दंड धरला आणि म्हणाले, "हळू चाल. साडीत पाय अडकंल." एवढंच. मी दोघांच्या मधून चालत गेले. नंतर कितीतरी ठिकाणी गेले आई, पण इतक्या ऐटीत कधीच चालले नाही.

लग्न लागलं. पंगतीत ते दोघं शेजारी बसले आणि तू वाढता वाढता थांबून बघत राहिलीस. जित्याच्या मामांनी भाताचा ढीग रोह्याच्या मामांच्या ताटात लोटला. वऱ्हाड परत गेलं ते मला घेऊन. सासरे मरेपर्यंत सांगायचे, की संपवाल्यांचं लग्न सगळ्यात शिस्तीचं झालं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी त्या मुलीला सगळं सांगितलं. रोह्याच्या मामांनीच तुला रोह्यात जागा शोधून दिली, कारखान्यांच्या वाटेवर. तिथे तुझी दुसरी खानावळ उभी राहिली, आणि कंपनीतली पोरं शिफ्ट सुटली की तुझ्याकडे यायला लागली. जित्याच्या मामांना गिरणीनं परत घेतलं नाही. पहिलं वर्षभर ते तुझ्या हाताखाली रांधायला होते, मग हायवेवर कोलाडला स्वतःचं हॉटेल टाकलं. रोह्याचे मामा एका कारखान्यात पहारेकरी झाले आणि सुट्टीच्या दिवशी कोलाडला जेवायला जाऊ लागले. एका कोपऱ्यातलं टेबल त्यांचंच. तिथेही ते स्वतःचं ताट धुवायचे, आणि त्यावरून दोघांचं दर वेळी भांडण व्हायचं.

जित्याचे मामा अजून आहेत. खूप थकलेत, ऐकू कमी येतं, पण आवाज तोच. हॉटेल नातू बघतो, हे दारात खुर्ची टाकून बसतात. मी त्या मुलीला त्यांच्याकडे घेऊन गेले. जाताना वाटेत ती मला सांगत होती, या संपानं मुंबईतल्या कामगाराची ताकद मोडली, गिरण्या गेल्या, तिथे टॉवर उभे राहिले, इतिहासात तो पराभव म्हणून लिहिला जातो. आणि गंमत म्हणजे तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. हे तिनं मामांच्या कानाशी मोठ्यानं सांगितलं तेव्हा ते नातवाकडे वळून म्हणाले, "बघ. म्हणजे मी अजून संपावर हाय. मला काम सांगू नको."

मग तिनं जरा चाचरत विचारलं, "मारामारी झाली होती, त्यात तुम्ही होता का?"

"व्हय," ते म्हणाले. "एकाचा हात मोडला मी. संपात असं झालं ते लिहा. लपवू नका. पण मग तो माणूस मरेपर्यंत माझ्या हातचं जेवला, तेपण लिहा."

"तुम्ही माफी मागितलीत त्यांची?"

"नाय," मामा म्हणाले. "मासळीचा तुकडा मोठा वाढायचो."

ती मुलगी हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. पेणला परतताना ती मला म्हणाली, हे मी कुठल्या प्रकरणात घालू तेच कळत नाही. मी म्हटलं, बाई, तो तुझा प्रश्न. पण घाल.

आता हे सगळं लिहून झालंय आणि टाकायला पेटी नाही, तुला पत्ता नाही. तरी एक गोष्ट राहिली ती सांगते. ते दोघं परत बोलायला लागले ते पंगतीत, तुझ्या भातामुळे, असं तू शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचीस. आणि हेही सांगायचीस की अंतरपाटाशी माझी पोर इतकी रडली, इतकी रडली, की तिचे खांदे हलत होते. मी कधी तुला अडवलं नाही, तुला ते सांगायला फार आवडायचं. आई, मी रडत नव्हते. मंगलाष्टकं चालू होती आणि माझ्या पाठीमागे उभे राहून दोघं अक्षता टाकत होते. रोह्याच्या मामांच्या वाकड्या हातातल्या अक्षता माझ्यावर न पडता दर वेळी जित्याच्या मामांच्या डोक्यावर पडत होत्या. तीनदा त्यांनी सोसलं. चौथ्यांदा दातांतल्या दातांत म्हणाले, "आरं, माझं लगीन लावतोस काय?" आणि रोह्याचे मामा तितक्याच हळू म्हणाले, "हात तूच वाकवलास. आता जिकडं पडतील तिकडं पडतील." मग माझ्या मागे असा एक आवाज आला, जसा तोंड दाबून हसणाऱ्या दांडग्या माणसाचा येतो. आणि मग दुसऱ्याचाही आला. मी अंतरपाटामागे ओठ चावून उभी होते, आणि माझे खांदे हलत होते.